म्यूट केलेली बासरी

तालीम ऑनलाइन करायची ही कल्पना माझी होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे हे वाक्य मला इतक्या जणांनी इतक्या वेळा ऐकवलं की आता ते मी स्वतःच म्हटलेलं बरं.

आमचा पाच जणांचा ग्रुप आहे. मिशिगनमधल्या ट्रॉय गावातल्या आमच्या घराच्या बेसमेंटमध्ये आम्ही दर रविवारी दुपारी चार वाजता जमतो. हिमानी गाते. माझी बायको वसुधा तिला साथ देते. संजीव कीबोर्ड वाजवतो आणि एकनाथकाका तबला. काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. चाळीस वर्षं त्यांनी मिशिगनच्या लोकांची हृदयं तपासली, आणि अजूनही कोणी जिना चढून आलं की ते त्याच्या श्वासाकडे जरा रोखून बघतात. मी बासरी वाजवतो. गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या कंपनीत मी इंजिनियर आहे. चार वर्षांपूर्वी तिथे कपात सुरू झाली, तेव्हा डोकं ठिकाणावर राहावं म्हणून एक बासरी ऑनलाइन मागवली आणि व्हिडिओ बघून शिकलो. कपात टळली, बासरी राहिली. ग्रुपचा प्रमुख मीच. त्यासाठी कधी निवडणूक झाली नाही, पण बेसमेंट माझं आहे.

गेल्या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात आम्हाला जेवणाच्या वेळी बसवलं होतं. आम्ही वाजवत होतो आणि श्रीखंड-पुरीची रांग आमच्यासमोरून सरकत होती. ऐन आलापात एका गृहस्थांनी हिमानीला विचारलं, "चमचे कुठे ठेवलेत?" त्याच दिवशी मी ठरवलं की पुढच्या वर्षी मुख्य स्टेज. त्यासाठीचं गाणंही आमचं स्वतःचं होतं. शब्द हिमानीच्या आईचे आणि चाल संजीवची. सुरुवातीला बारा सेकंदांची बासरी. ती चाल बांधताना संजीवने दोन वेळा विचारलं होतं, "बारा सेकंद जास्त होत नाहीत ना?" त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

जानेवारीत बर्फ सुरू झाला आणि ओळीने तीन रविवार तालीम कॅन्सल झाली. संजीव कॅन्टनहून येतो, हिमानी नोव्हाईहून, आणि काकांनी बर्फात गाडी काढू नये म्हणून त्यांच्या मुलीने किल्लीच लपवून ठेवली होती. तेव्हा मी सगळ्यांना मेसेज टाकला की या रविवारपासून तालीम व्हिडिओ कॉलवर.

पहिल्या रविवारी पाचही जण वेळेवर आले, ही आमच्या ग्रुपच्या इतिहासातली पहिलीच वेळ. हिमानीने सूर लावला, काकांनी ठेका धरला. त्यांचे हात चालत होते, मान डोलत होती, पण आवाज शून्य.

"काका, तुमचा माइक बंद आहे," मी म्हणालो.

"माइक चालू आहे. तुम्ही माझं बोलणं ऐकताय ना?"

बोलणं ऐकू येत होतं. ते बोलायचे थांबून वाजवायला लागले की मात्र शांतता. दहा मिनिटं असं चाललं. मग संजीवला उलगडा झाला. "काका, सॉफ्टवेअरला वाटतंय कोणीतरी दार ठोकतंय. ते बॅकग्राउंड नॉइज म्हणून काढून टाकतंय यार."

काकांनी तबल्यावरून हात उचलले. "पन्नास वर्षं मी जे वाजवतोय ते बॅकग्राउंड नॉइज आहे?"

"तसं नाही काका. फक्त कॉम्प्युटरच्या मते."

एक सेटिंग बदलून तबला ऐकू यायला लागला, पण उशिरा. हिमानी दुसऱ्या ओळीवर पोचायची तेव्हा पहिल्या ओळीची सम यायची. ती तबल्यासाठी थांबायची, काका तिच्यासाठी थांबायचे, आणि शेवटी सगळेच एकमेकांकडे बघत गप्प बसायचे. लिफ्टच्या दारात "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करतात तसं गाणं झालं होतं.

आमचे शेजारी डेल रिटायर झालेले आहेत आणि गावच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवतात. बर्फ काढताना मी त्यांना ही अडचण सांगितली. ते म्हणाले, वायफायवर संगीत कधी होत नाही, वायर लागते. गॅरेजमधून त्यांनी मला पंचाहत्तर फुटांची केबल आणून दिली. ती मी वरच्या राउटरपासून किचनमधून, जिन्यावरून बेसमेंटपर्यंत नेली. त्या संध्याकाळी धुतलेल्या कपड्यांची बास्केट घेऊन वसुधा वर येत होती. तिचा पाय केबलमध्ये अडकला. ती सावरली, पण सगळे टॉवेल जिन्यावरून खाली गेले.  तिने टॉवेल उचलले आणि ते परत मशीनमध्ये टाकताना दार नेहमीपेक्षा जोरात लावलं.

केबलने उशीर थोडा कमी झाला. म्हणजे आता सम पहिल्या ओळीच्या शेवटी यायला लागली.

तेव्हा डेलनीच दुसरा उपाय सांगितला. हौशी वादकांसाठी पोर्चबँड नावाची एक साइट आहे. प्रत्येकाने आपापल्या घरी, कानात टिकटिक ऐकत, आपला भाग रेकॉर्ड करून तिथे चढवायचा. साइट ते सगळे तुकडे जोडते. मग सराव करताना ज्याला जो आवाज हवा तो मोठा करायचा, नको तो बंद करायचा. मला ते फार आवडलं. मी त्याच दिवशी ग्रुपचं पान उघडलं आणि स्वतःला ॲडमिन केलं.

रेकॉर्डिंगला घरात शांत जागा शोधणं हे एक वेगळंच प्रकरण होतं. बेसमेंटमध्ये घर गरम ठेवणारी फर्नेस दर सात मिनिटांनी सुरू होते. बेडरूममध्ये रस्त्यावरची बर्फ काढणारी गाडी ऐकू येते. शेवटी मी कोटांच्या कपाटात शिरलो. हिवाळ्यातले जाड कोट आवाज शोषून घेतात असं एका व्हिडिओत सांगितलं होतं. आडवी बासरी आणि उभं कपाट यांचं मात्र जमत नव्हतं, म्हणून दार अर्धं उघडं ठेवून बासरीचं टोक बाहेर काढलं. माझी सोळा वर्षांची मुलगी अनया तिथून जाताना थबकली. "बाबा, आर यू ओके?" एवढंच विचारून उत्तराची वाट न बघता ती वर गेली. एकतिसाव्या वेळेस बारा सेकंद मनासारखे झाले आणि मी ते चढवले.

साइटला एक सवय होती. आपण काही चढवलं की ती स्वतःच ऐकून त्यावर वाद्याचं नाव टाकायची. हिमानीच्या रेकॉर्डिंगवर आलं: गायन, स्त्री. काकांच्यावर: तबला. म्हणजे जगात आता एक तरी कॉम्प्युटर असा होता ज्याला तबला कळत होता, त्यामुळे काका खूश. माझ्या रेकॉर्डिंगवर आलं: चहाची किटली, बहुधा.

मी ते तीनदा वाचलं. "बहुधा" हा शब्द मला जास्त लागला.

मी साइटच्या मदत विभागाला सविस्तर पत्र लिहिलं. बासरी हे प्राचीन वाद्य आहे, इथपासून सुरुवात केली. दोन दिवसांनी उत्तर आलं की आमच्याशी संपर्क साधल्याबद्दल आभार, आपली तक्रार नोंदवली आहे. पाच दिवसांनी एक फॉर्म आला. त्यात आपल्या वाद्याचा फोटो, आपण वाजवत असतानाचा फोटो आणि वाद्य कशाचं बनलंय ते मागितलं होतं. मी कपाटाबाहेर उभं राहून फोटो काढला. नवव्या दिवशी कळवण्यात आलं की पूर्ण विचारांती आपलं लेबल बदलण्यात आलं आहे. मी पान उघडून बघितलं. तिथे लिहिलं होतं: इतर आवाज.

इथपर्यंतचा अपमान एका मशीनने केलेला होता. तो मी गिळला.

फेब्रुवारीच्या शेवटी रस्ते मोकळे झाले आणि सगळे परत बेसमेंटमध्ये जमले. वसुधाने साबुदाणावडे केले होते. मंडळाला नमुन्याचं रेकॉर्डिंग पाठवायची मुदत आठवड्यावर आली होती, आणि मला संशय होता की लोक घरी सराव करत नाहीत. विशेषतः संजीव. ॲडमिनला साइट दर आठवड्याला एक रिपोर्ट देते, कोणी किती वेळ सराव केला त्याचा. मी तो आधी उघडला नव्हता. सगळ्यांसमोरच उघडू, म्हणजे ज्याचं त्याला कळेल, असा माझा विचार. बेसमेंटमधल्या मोठ्या टीव्हीला लॅपटॉप जोडला आणि म्हणालो, "मी कोणावर आरोप करत नाहीये. आकडेच बोलतील."

आकडे बोलले. हिमानीने पाच तास सराव केला होता. संजीवने चार. वसुधाने साडेसहा तास. मला आश्चर्य वाटलं आणि थोडी लाजही. त्याच्या शेजारी आणखी एक रकाना होता: सराव करताना बंद ठेवलेले आवाज.

हिमानीच्या नावापुढे लिहिलं होतं, सुमंत. संजीवच्या नावापुढे, सुमंत. वसुधाच्या नावापुढे, सुमंत.

सुमंत म्हणजे मी.

टीव्ही पासष्ट इंचांचा आहे. अक्षरं भिंतीपासूनही स्वच्छ वाचता येत होती. संजीवच्या हातातला वडा तोंडाशी थांबला. हिमानी तानपुऱ्याच्या ॲपमध्ये काहीतरी शोधायला लागली. वसुधा माझ्याकडेच बघत होती, आणि ते मला जास्त जड गेलं, कारण बाकीच्या दोघांसारखी ती नजर चुकवत नव्हती.

मी लॅपटॉपचं झाकण लावलं. टीव्हीवर मात्र ते पान तसंच राहिलं.

"सेटिंगची काहीतरी चूक असेल," हिमानी हळूच म्हणाली.

"तिघांच्याही?" मी विचारलं.

मग मला एक गोष्ट दिसली. काकांच्या नावापुढचा रकाना रिकामा होता. त्यांनी मला बंद केलं नव्हतं.  मी म्हणालो, "काका, निदान तुम्ही तरी मला ऐकत होतात."

काका उठून माझ्याशेजारी येऊन बसले आणि त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. पेशंटच्या नातेवाइकांशी ते कसे बोलत असतील ते मला त्या क्षणी समजलं. "सुमंत, तुला खरं सांगतो. माझ्या कानातलं मशीन बासरीला शिट्टी समजतं आणि आपोआप कापून टाकतं. चार वर्षांत मी तुझी बासरी एकदाही ऐकलेली नाही. तू फुंकतोस एवढं दिसतं."

मी "मला एक काम आठवलं" असं म्हणून वर गेलो. रविवारी दुपारी साडेचार वाजता स्वतःच्या घरातून जायला दुसरी जागा नसते, म्हणून गॅरेजमध्ये जाऊन गाडीत बसलो. थोड्या वेळाने ग्रुपवर मेसेज टाकला की आजपासून मी ग्रुपमधून बाहेर, बेसमेंट मात्र तुमचंच आहे. हे शेवटचं वाक्य मोठ्या मनाचं वाटावं म्हणून मी दोनदा लिहून बघितलं. कोणीतरी विरोध करेल असं वाटलं होतं. संजीवने हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं.

वसुधा गॅरेजमध्ये आली आणि बाजूच्या सीटवर बसली.

"चार वर्षं," मी म्हणालो. "चार वर्षांत तुला एकदाही सांगावंसं वाटलं नाही?"

"पहिल्याच आठवड्यात सांगणार होते."

"मग?"

"तेव्हा तू ऑफिसातून आलास की सरळ खाली जायचास. रोज कोणाकोणाला काढलं ते सांगायचास, मग तेही सांगेनासा झालास. बासरी घेतलीस की परत माणसात यायचास. मी काय सांगणार होते, की बेसूर आहे, बंद कर?" तिने सीटचा पट्टा उगाच ओढून बघितला. "आणि नंतर सवय झाली. तुला नाही, मला."

मला रागावायचं होतं. ते जमेना.

मंगळवारी मंडळाच्या सेक्रेटरी सीमा यांचा ईमेल आला. मुख्य स्टेजसाठी नियम असा की स्टेजवर किमान पाच कलाकार हवेत, चार असतील तर जेवणाच्या वेळेचा स्लॉट. मी फोन करून विनंती केली. त्या म्हणाल्या, "सुमंत, माझ्या हातात काही नाही. फॉर्ममध्ये चार आकडा टाकला की पुढचं पानच उघडत नाही."

संध्याकाळी संजीवचा फोन आला. "बघ यार, तू परत ये. वाजवायलाच पाहिजे असं काही नाही. नुसता बासरी धरून उभा राहिलास तरी चालेल. ट्रॅक मी कीबोर्डवरून सोडतो."

संजीव मूळचा नागपूरचा; नागपूरच्या माणसाचं मन साफ असतं आणि तो जे मनात असतं तेच बोलतो, हे मला माहीत आहे. तरी फोन ठेवल्यावर मी बराच वेळ किचनमध्ये उभा होतो. अनयाने ते बघितलं. ती शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते.

"बाबा, प्ले वन नोट," ती म्हणाली आणि तिने फोनवर ट्यूनर उघडला.

मी सा लावला. काटा एकदम उजवीकडे गेला. तिने दुसरा स्वर मागितला, मग तिसरा. दर वेळी काटा तेवढाच उजवीकडे. तिने कपाळाला आठ्या घातल्या. "इट्स नॉट जस्ट यू. दिस फ्लूट इज नॉट इन एनी की. हे सी पण नाही आणि सी शार्प पण नाही. इट्स लाइक, इन बिट्वीन."

चार वर्षं मी पांढरी एक आणि काळी एक यांच्या मधोमध वाजवत होतो, आणि बासरीवर मात्र पांढरी एकचा शिक्का होता. मी अनयाला मिठी मारली. तिने ती सहन केली. बासरीचा दोष होता, माझा नव्हता. मी हे ग्रुपवर लिहिलं, परत येतोय असंही कळवलं, काकांना फोन करून सांगितलं, डेलना बर्फात गाठून सांगितलं. कॅलिफोर्नियातल्या एका बासरी बनवणाऱ्याकडून तातडीने नवी बासरी मागवली. ती शुक्रवारी आली. ट्यूनरवर तपासली, अगदी बरोबर पांढरी एक. मी ग्रुपचं गाणं वाजवलं, रेकॉर्ड केलं, चढवलं आणि दोन दिवसांनी रिपोर्ट उघडला.

हिमानी: सुमंत. संजीव: सुमंत.

आता बासरी सुरात होती, त्यामुळे दोष कोणाचा याबद्दल शंका राहिली नाही. वसुधाचा रकाना मी भीत भीत बघितला. तिथे माझं नाव नव्हतं. हिमानी, संजीव, काका अशी तिघांची नावं होती. बाकी सगळ्यांना बंद करून तिने दोन तास फक्त मला ऐकलं होतं.

मी वर गेलो तर ती डायनिंग टेबलावर एक कागद घेऊन बसली होती. लहानपणी ती आठ वर्षं गाणं शिकली होती हे मला लग्नाआधीपासून माहीत आहे, पण त्याचा माझ्याशी काही संबंध येईल असं वाटलं नव्हतं. "चौथ्या सेकंदाला गंधार चढतो," ती म्हणाली. "सातव्याला फुंक संपते, म्हणून पंचम खाली पडतो. दहाव्याला तू घाबरतोस."

"दहाव्याला घाबरतो हे कसं कळलं?"

"बस इथे. सा लाव."

त्यानंतरचा महिना मी विसरणार नाही. रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी अर्धा तास, ओट्यावर फोनमध्ये तानपुरा, आणि मी एकच स्वर धरून उभा. ती चहा करता करता म्हणायची, "वर." मग, "अजून वर." मग, "कशाला गेलास एवढा वर." बावन्न वर्षांच्या माणसाला, ज्याच्या हाताखाली अकरा इंजिनियर काम करतात, त्याला स्वतःच्या किचनमध्ये तिने दहा दिवस फक्त सा वाजवायला लावलं. एकदा मी चिडून म्हणालो की वाद्य मी वाजवतो, तू नाही. ती म्हणाली, "ऐकते मी."  अकराव्या दिवशी सा लावला आणि ती काहीच बोलली नाही. तिने चहा गाळला आणि कप माझ्यासमोर ठेवला. मी वाट बघत होतो. मग माझ्या लक्षात आलं की न बोलणं हीच शाबासकी होती.

नमुन्याच्या रेकॉर्डिंगमध्ये संजीवने कीबोर्डचीच बासरी घातली होती. त्यावर आम्हाला मुख्य स्टेज मिळालं. कार्यक्रमाच्या आधीच्या तालमीत मी म्हणालो की बारा सेकंद मी वाजवणार. संजीव आणि हिमानीने एकमेकांकडे बघितलं. वसुधा म्हणाली, "तो वाजवेल." मी वाजवलं.  संजीवने कीबोर्डमधला तो ट्रॅक काढून टाकला, मला दिसेल असा.

पाडव्याचा कार्यक्रम एका शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये होता. चारशे माणसं असतील. पडदा उघडला. बासरी ओठांना लावली आणि पहिला स्वर गेला. चौथा सेकंद गेला, सातवा गेला. दहाव्याला मी घाबरलो, पण फुंक सोडली नाही. मग हिमानीचा आवाज माझ्या शेवटच्या स्वरावर येऊन बसला, आणि काकांनी सम दिली तेव्हा ते माझ्याकडे बघून हसले. ऐकू न येताही त्यांना माझ्या खांद्यांवरून कळलं असावं.

कार्यक्रमानंतर आम्ही श्रीखंड-पुरीच्या रांगेत उभे होतो. पुढचे एक अनोळखी गृहस्थ वळले. "गाणं छान झालं हो तुमचं. फक्त एक विचारू? ती सुरुवातीची बासरी रेकॉर्डेड होती ना?"

मी रागाने काहीतरी बोलणार होतो. मग तो प्रश्न मला नीट ऐकू आला: रेकॉर्डेड वाटावी इतकी सुरात. हातातली ताटली तिरकी झाली, ती वसुधाने सरळ केली.

"नाही," ती त्यांना म्हणाली. "घरचीच आहे."